धावदोरा

दांडिया बाजारात, फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत
संध्याकाळी सहाला माझा वर्ग भरतो.
अकरा जण. अकराही कॅनडाला निघालेले.
खालून पापडीच्या तेलाचा वास वर येत असतो
आणि मी फळ्यावर तीन रोमन अक्षरं काढतो:
रन.

मितुल हात वर न करताच म्हणतो, "दोडवुं, सर."
बरोबर. बस खाली.
आणि नळ? नाक?
पहिल्या धुण्यात बांधणीचा लाल?
आपला नळ वाहतो, नाक गळतं,
रंग नुसता जातो, न सांगता उठून गेलेल्या पाहुण्यासारखा.
तिकडे ही सगळी मंडळी पळतात.
निवडणुकीला आपण उभे राहतो,
ते पळतात.
घरातलं मीठ संपतं, तेही पळूनच.
आणि मंगळबाजारातला तो शेठ,
सकाळी दहाला गादीवर मांडी घालतो ती रात्री नऊला सोडतो,
तो इंग्रजीत दुकान पळवतो.
आपल्यात दुकान चालतं.
बसल्या जागी चालतं.

काल रात्री कोशात या शब्दाची पानं उलटता उलटता
चहावर साय धरली.
कितीतरी पानं, आणि तळाशी पोचलो तर
तिथे पायच नाहीत.
पाणी आहे.
आधी तो ओघळायचा म्हणे.
त्याचा जर्मन चुलतभाऊ अजून पन्हळीतूनच उतरतो,
हा तेवढा पाय फुटून रस्त्याला लागला.
वाहणं आणि धावणं एकच होतं कधीकाळी,
हे विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून पटत नाही.
नदी पडलेली,
काठावर मगर पडलेली,
दोघींनाही कसली घाई नाही.

माझे वडील डभोईच्या नॅरोगेजवर ड्रायव्हर होते.
मी गाडी चालवतो, म्हणायचे.
आणि ती चालायचीच.
एकदा ती थांबवून त्यांनी
कुणाची तरी खाली पडलेली चप्पल उचलून दिली होती.
वहीत मात्र रोज इंग्रजीत नोंद: रनिंग लेट.
उशिरा धावणे.
मला वाटे, उशीर झालाय
म्हणून धावतेय बिचारी.

प्रतापनगरला त्यांची निजायची खोली होती.
लोखंडी खाटा, विटक्या मच्छरदाण्या,
दारावर निळ्या पत्र्याची पाटी: रनिंग रूम.
धावणारे तिथे आडवे होत.
मी दुपारचा डबा घेऊन जाई.
ते झोपेत पाय हलवत असत,
कुत्रा हलवतो तसे,
आणि मी त्यांना उठवत नसे,
कुठेतरी पोचू दे म्हणून.

हे मी वर्गात सांगत नाही.

परवा शर्वाणी पायगुडे शेवटच्या बाकावर
मांडीवर काळी पँट घेऊन बसली होती.
तिचा व्हिसा आला, शुक्रवारचं विमान,
आणि पँट चार बोटं लांब.
"ऐकतेय मी, सर," मान वर न करता म्हणाली,
"याला काय म्हणतात इंग्रजीत?"
रनिंग स्टिच, मी म्हणालो.
"अय्या! आत्या धावदोरा म्हणते."

मी फळ्याकडे वळलो. खडू होता हातात.
इतकी वर्षं मी दोन भाषांना
एका पावलावर आणायला बघतोय,
आणि त्या कधीच्या बरोबरीनं पळताहेत
एका चार आण्याच्या सुईमागे,
टाका वर, टाका आत,
मधला दोरा दिसत नाही
तेव्हाही कापडाखाली असतोच.

तिनं दाताने दोरा तोडला,
पँट उजेडात धरून पाहिली.
"पक्का नाहीये," म्हणाली,
"पण टोरांटोपर्यंत
चालशे."