खाडा

टेचिमानच्या बाजारात अठ्ठावीस वर्षं
मी घरं भरली.
तळहाताएवढं कार्ड, त्यावर एकतीस घरं,
रोज एक फुली,
महिना सरला की एका फुलीचे पैसे माझे:
पायपिटीचे, उन्हाचे,
आणि तोंड मिटून ठेवण्याचे.

कारण मला कळायचं.
अजेइवाचा खाडा म्हणजे पोराला ताप.
सलग तीन खाडे म्हणजे नवरा घरी आलाय.
खाडा विचारायचा नसतो.
कांदे चाचपायचे, उगाच भाव काढायचा,
पुढच्या ओट्याकडे वळायचं.

आता वळणावळणावर पिवळी छत्री.
छत्रीखाली टेबल, चार्जरची वायर,
आणि सुकटाच्या पाटीतून, टोमॅटोच्या खोक्यांमागून
दिवसभर टिंग, टिंग.
दुफी म्हणते, ट्रक बुर्किनातून निघायच्या आत
विसार पोचतो.
दुफी म्हणते, वाटेत लुटायला आता कनवटीला असतं काय?
दुफी म्हणते...
पूर्वी दुफी एवढं बोलायची नाही.
गेल्या पावसाळ्यात तिनं स्वतःच छत्री घेतली,
कंदांच्या ढिगाला टेकवून रोवली.

एकदा एका गिऱ्हाइकानं तिला मेसेज दाखवला,
हे बघ, पैसे आले.
मेसेज त्यानंच लिहिलेला.
दोन पोती कंद गेले.
मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?
वाटलं, आता येतील सगळ्या परत, कार्ड शोधत.
कोणी आलं नाही.
दुफी आता आधी शिल्लक बघते, मग पोत्यावरचा हात काढते.

आणि मी कोणत्या तोंडानं बोलणार?
ज्या साली माझी मुलगी गेली,
तिला नीट निरोप द्यायला
अकरा दिवस मी अख्ख्या बाजाराचे पैसे वापरले.
बाराव्या दिवशी, पै न् पै, जागच्या जागी.
कोणाला कळलं नाही. फुल्या बरोबर होत्या.
फोन असं करत नाही.
फोनला मुलगी नसते.

आज गुरुवार, बाजार ऐन भरात.
ओट्यापुढे उभा राहिलो, भाव विचारला,
मग म्हटलं, दुफी, माझंही खातं उघड.
ती हसली नाही. हात पुसले,
माझं ओळखपत्र न मागता नाव घातलं,
क्वाबेना ग्यामेरा, एकही अक्षर न चुकता,
मग आठवण झाली तसं ओळखपत्रही मागितलं.
फोन माझ्या हातात दिला.
म्हणाली, आता चार आकडे. मला सांगू नका.

आणि तिनं मान वळवली.
बघत राहिली कंदांच्या ढिगाकडे,
जसा मी अठ्ठावीस वर्षं बघत आलो
ती कमरेची गाठ सोडायची तेव्हा.

मी ते साल दाबलं.

झालं का, तिनं विचारलं,
अजून न वळता.