तिसरा चावा

फॉर्मवर एक रकाना आहे : चाव्याचं कारण.
पहिल्या वेळी मी लिहिलं, 'माहीत नाही'.
क्लार्क नंबियार म्हणाला, गावडे, माहीत नाही चालत नाही,
'अचानक' लिही.
अचानक लिहिलं. दुसऱ्या वेळीही अचानक.

डमरू, मॅलिनॉय, नर, वय चार,
कानात निळ्या शाईनं गोंदलेला नंबर.
त्या सालच्या पिल्लांची नावं 'ड'वरून ठेवायची होती;
डायना, डॉलर, डिंपल देऊन झाल्यावर
कुणीतरी डमरू म्हणालं आणि जेवायला गेलं.

कुलाब्याच्या टोकाला आमची केनेल.
मागे भिंत, भिंतीमागे खडक,
ओहोटीला खडकांचा वास आला
की कुत्री गप्प होतात, कावळे होत नाहीत.
सकाळी त्याला घेऊन गोदीत जायचं.
दोनशे खोकी हुंगायची. भुंकायचं नाही,
सापडलं तर नुसतं खाली बसायचं.
तो बसतो. चूक करत नाही.
बसतो, आणि मान वळवून माझ्याकडे बघतो.
मी म्हणतो, शाबास.
आणि तो माझा हात धरतो.

आधी डावं मनगट. मग मांडी.
परवा उजवा दंड, अश्विनीत नऊ टाके.
टाके घालणारी बाई म्हणाली, तुमचाच कुत्रा?
मी म्हटलं, सरकारचा.

मेरठहून बोर्ड येणार आहे सोमवारी.
त्यांच्याकडेही एक रकाना असतो,
तो भरला की कुत्रा उरत नाही.

म्हणून काल रात्री जोरहाटला फोन लावला.
हवालदार ब्रिजपाल, डमरूचा पहिला माणूस.
मागे टीव्ही चालू होता, नातवंडं होती,
माणूस वाईट वाटला नाही.
अरे तो? तो जवळच यायचा नाही, म्हणाला,
मग मी युक्ती काढली.
चेन आवळायच्या आधी गोड आवाजात म्हणायचं, शाबास.
मी विचारलं, मग?
मग काय, यायचा ना जवळ.

फोन ठेवल्यावर बराच वेळ
मी आमच्या दोघांच्या पाट्या आठवत बसलो.
त्याची पिंजऱ्यावर, माझी छातीवर.
मलाही किती वेळा पाठीवर थाप मारून
कुठे कुठे पाठवलंय, ते मोजलं नाही.

आज पहाटे गेलो. शब्द बरोबर नेला नाही.
चंदगडला आई म्हशीला पान्हवताना
ओठांनी एक आवाज काढायची,
पुच् पुच्, जीभ टाळ्याला चिकटवून.
त्याला अर्थ नाही. तो कुणी चेनीला बांधलेला नाही.
डब्यात वास पुरून ठेवला, डमरू बसला,
वळून बघितलं,
मी आईचा आवाज काढला.
एक कान हलला. शेपूट नाही.
त्याची नजर माझ्या हातावर होती, तोंडावर नाही,
आणि हात माझा थरथरत होता, खोटं कशाला बोलू.
पण दात आतच राहिले.

नंबियारपुढे तिसरा फॉर्म ठेवला.
कारण : शाबास.
त्यानं दोनदा वाचलं, चष्मा काढला.
हा शेरा झाला गावडे, कारण नाही.
मी म्हटलं, साहेब, तसंच जाऊ द्या.
गेला की नाही, माहीत नाही.

आता दिवेलागण झाली आहे.
पिंजऱ्याकडे पाठ करून बसलोय,
बँडेजचा हात मांडीवर.
तो आतून येऊन बसलाय, माझ्या मागेच.
मानेवर त्याचा श्वास लागतोय, गरम, खारट,
सकाळच्या मटणाचा.
दोघंही काही बोलत नाही.
जाळी मात्र मध्ये आहे.
मी येडा नाही.