एक बोट कमी

दर शनिवारी एक बोट.
टाकीवर मी स्केचपेननं रेघ मारलेली,
तिच्याखाली बरोब्बर एक बोट कूलंट कमी.
खाली थेंब नाही.
रात्रभर गाडीखाली पेपर अंथरून पाहिला,
सकाळी सगळ्या बातम्या कोरड्या.

नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात
बत्तीस वर्षं काढली मी.
तिथं एक ताव कमी भरला की गेट उघडत नसे.
डबे उघडायचे, खिसे उलटे करायचे,
शिफ्टच्या शिफ्ट भिंतीला लागून उभी
कागद सापडेपर्यंत.
वस्तू नाहीशी होत नाही, कुठंतरी असते,
एवढं एकच शिकून निवृत्त झालो
आणि सत्त्याण्णवची एस्टीम घेऊन
निवृत्ती खैरनारच्या पत्र्याखाली येऊन थांबलो,
सातपूरला.

"गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं,
आधी चहा," तो म्हणाला.
दोन चहा झाले.

मग तेलाचं झाकण उलटं करून उन्हात धरलं.
"आत पांढरी साय असती ना काका,
तर हेड उतरवलं असतं
आणि तुमची पेन्शन माझ्या खिशात."
साय नव्हती.
वॉटर पंपाखालचं बारीक भोक
टॉर्च लावून बघितलं. कोरडं.
रेडिएटरच्या जाळीत एक अख्खं फुलपाखरू,
हिरवा डाग मात्र कुठंच नाही.
झाकणाचं रबर कडक झालेलं, ते बदललं,
"पण हे चोर नाही," म्हणाला, "हा नुसता म्हातारा."

शेवटी त्यानं हातपंप जोडला.
काटा चौदा पौंडावर नेऊन सोडला
आणि मी, तो, त्याचा पोरगा वैजू
तिघं काट्यासमोर उकिडवे बसलो.
मागच्या शेडमध्ये कुणीतरी मडगार्ड ठोकत होतं.
तेरा.
साडेबारा.
"जातंय. पण बाहेर नाही जात."
"मग?"
"आत."

बॉनेट तसंच उघडं ठेवून
तो डाव्या दाराशी गेला.
मॅट काढलं, गालिच्यावर तळवा दाबला,
बोटांच्या फटींतून पाणी वर आलं.
वास घेतला. मला दिला.
काकवीचा असतो तसा, जरा उग्र.
"हीटरची जाळी फुटलीय. डॅशबोर्डच्या पोटात.
या बाजूला कोण बसतं?"

डिसेंबरपासून मंदाकिनी बसते.
निफाडला तिच्या भावाकडे जाताना, पहाटे,
हीटर लावला की काच आतून धुरकटायची,
ती रुमालानं पुसायची, काच तेलकट व्हायची.
"कसला तरी गोड वास येतोय हो."
मी म्हणालो, द्राक्षं. दोन्हीकडे बागाच आहेत.
"पाय ओले होताहेत माझे."
मी म्हणालो, दव. चपला बाहेर ठेवतेस तू.

म्हणजे प्रत्येक शनिवारचं बोट
तिच्या टाचांखाली जमा होत होतं,
आणि मी, ताव मोजणारा,
सगळ्यांचे खिसे उलटे करून पाहिले,
साक्षीदाराला तेवढं विचारायचं राहिलं.

खैरनारनं दोन होज कापले,
मधे पाइपचा तुकडा, दोन क्लिपा,
हीटरला वगळून पाणी परत इंजिनात.
"पार्ट मिळतोय का बघतो. तोवर गारठा सहन करा."
तीनशे रुपये घेतले.
वैजूनं गालिचा दोरीवर टाकला,
त्यातून बराच वेळ हिरवं गळत राहिलं.

पुढचा शनिवार. रेघ आणि पाणी एका पातळीत.
रविवारी निफाड. मंदाकिनी शाल घेऊन बसली,
काच लख्ख, पाय कोरडे, नाक लाल.
चांदोरीच्या पुढं म्हणाली,
"मागून काहीतरी खरखरतंय."

मी रेडिओ बंद केला.
"कुठल्या बाजूनं?"