काठ

पाच दिवसांनी नळ आला, आईनं घागरी भरल्या.
मी इकडे तेच पाणी तीनदा उकळून, तीनदा निववून
अर्धा लिटर मिळवते.

रुपयाएवढी चांदीची चकती
मखमलीवर, पांढऱ्या भुकटीत,
आठाचा आकडा गिरवत घासायची.
बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून,
यलगुलवार सर ओरडतात.

रात्री साडेअकराला अशोक चौकाकडचे माग थांबतात,
टेबलाची थरथर उतरते.
मग तांबड्याच्या पलीकडचा, न दिसणारा प्रकाश सोडते.

चांदी आत सगळीकडून सारखी,
डावं-उजवं एकच,
म्हणून आतून गप्प.
जिथं ती संपते न् पाणी सुरू होतं
तिथले एकदोन थर तेवढे
प्रकाशाचे दोन कण घेऊन एक परत देतात,
दुप्पट कंपनांचा, हिरवा.
डोळ्याला नाहीच, यंत्राला कळतो:
सेकंदाला अकरा. सतरा. नऊ.
व्होल्टेज जरा उणे केलं
की एकशेचार.

नान्ना टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस.
ठाण उलगडत नाहीत, काठावरून अंगठा फिरवतात,
‘मधलं कापड काय सांगणार?’

काल डबा घेऊन आले.
‘काय दिसतं गं अंधारात?’
‘काही नाही.’
‘मग मोजतीस काय?’
चकती त्यांच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी सवयीनं
कडेवरून अंगठा फिरवला,
मग मधोमध.

पुन्हा घासायला हवी होती.
तशीच बुडवली पाण्यात.
एकतीस.
आलेखात नाही घेतला तो आकडा,
वहीच्या समासात आहे, पेन्सिलीनं.