वेतोरकर

त्याचं खरं नाव प्रोखोर वेतलूगिन.
वेंगुर्ल्याच्या मांडवीवर ते कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून पहिल्याच रात्री तो वेतोरकर झाला,
म्हणजे जवळचाच, एसटीनं अर्ध्या तासावरचा.

पिक्चर आणायचे जगन्नाथ मोचेमाडकर,
नगरपालिकेच्या दवाखान्यातले कंपाउंडर.
मुंबईहून रातराणीनं, पत्र्याचे गोल डबे
रात्रभर मांडीवर सांभाळत.
पडदा म्हणजे कुठल्याशा गलबताचं जुनं शीड.
वेतोरकर डावीकडे सरकला
की त्याच्या गालावर शिवण यायची.

खाली इंग्रजी अक्षरं पळायची.
मोचेमाडकर भोंग्यातून त्यांचं मालवणी करायचे,
एक श्वास मागून.
कमिसारचा मामलेदार होई,
आणि कॉम्रेडचा 'मेल्या'.

मिळेल ती प्रिंट यायची,
त्यामुळे वेतोरकराचं आयुष्य
आमच्याकडे उलटं घडलं.
आधी आला तो म्हातारा:
आडस्टेशनावर कंदील पुसणारा,
अख्ख्या पिक्चरभर पंधरा वाक्यं,
त्यातली सहा कुत्र्याशी.
शिमगा सरल्यावर आला तो न्यायाधीश,
जाडा, कंटाळलेला, पोटावर बटण ताणलेलं.
मग धरणावरचा इंजिनिअर. केस परत आलेले.
"ह्येका आमचा पाणी मानावला,"
बाया म्हणाल्या.

मग तो खलाशी झाला.
त्याच वर्षी कार्तिकातल्या वादळात
गिरपांचा मचवा परतला नव्हता.
आवडू पहिल्या रांगेत,
उपड्या पाटीवर बसलेली.
शिडावर दुसराच समुद्र होता, दोरांना बर्फ लटकलेला,
वेतोरकर हातमोज्यांत फुंकर घालत होता,
आईला पत्र लिहिताना पेन्सिल ओली करत होता जिभेनं.
सहावं रीळ संपलं
आणि पडदा नुसता पांढरा.
शेवटचं रीळ गाडीत राहिलं, मोचेमाडकर म्हणाले.
"मगे काय झाला?" आवडूनं विचारलं.
त्यांनी भोंगा खाली ठेवला.
"मगे तो घराक इलो.
आवशीन पायार पाणी घातल्यान.
पेज जेवलो
आणि दोन दिस निजलो."

सगळ्यात शेवटी आला तो पोरगा.
त्याचा पहिलाच पिक्चर असणार,
नावांच्या यादीत खूप खाली.
संवाद नाही. पुलावरून धावतो,
बंदुकीपेक्षा बारीक,
आणि अर्ध्यावर पडतो.
मांडवीवर कुणी हळहळलं नाही.
त्याला कंदील पुसताना आम्ही पाहिलं होतं की.
"उठतलो," मागून कुणीतरी म्हणालं,
आणि लोक शेंगा सोलत राहिले.

पुढे तो देशच राहिला नाही.
डबे यायचे थांबले.
शीड कुणीतरी आंबे झाकायला नेलं.

गेल्या मे महिन्यात दवाखान्याला रंग काढला.
मी तिथं लॅबमध्ये आहे, काचा मोजणारी.
जांभळ्या औषधाच्या वाळल्या बाटल्यांमागं
एक गोल डबा निघाला, शिरक्याच्या वासाचा.
झाकणावर पेन्सिलीनं, कंपाउंडरी अक्षरात:
'सातवे. दाखवू नये.'
खिडकीच्या उजेडात धरलं.
हातभर पट्टीत नुसतं पाणी,
चौकटीमागून चौकट, जेमतेम हललेलं.
मग एक टोपी.
मग पुन्हा पाणी, वावभर तरी.
पुढचं चिकटलेलं होतं,
मी ओढून पाहिलं नाही.

आवडू अजून बाजारात बसते,
सुंगटांच्या वाट्यांपाशी, एका डोळ्यानं.
वाटा पिशवीत ओतताना म्हणाली,
"तो आमचो वेतोरकर खंय आसता रे बाय आताशा?"
"आसा थंयच, स्टेशनार," मी म्हटलं.
"बरो आसा."
"आणि कुत्रो?"
"कुत्रो पण."
तिनं वर चार सुंगटं टाकली,
आणि माशी वारली.