अर्धी गोळी

रात्री दोनला पैकूजी उठतात.
चप्पल शोधतात, डबा शोधतात,
दाराची कडी वाजवतात,
"भोंगा झाला ना बाई, उघड लवकर."

हिंगणघाटच्या जिनिंगात तीस हंगाम
त्यांची रातपाळी होती.
तिथं आता लग्नाचं लॉन आहे.
भोंगा मात्र अजून बंद नाही.

मागच्या वहीत माझंच अक्षर:
"पैकूजी त्रास देतात. गोळी दिली."
"गोळी दिली. शांत."
शांत म्हणजे
लाळेनं भिजलेली उशी,
सकाळी दहाला ओठावर सुकलेला चहा,
आणि मोरीजवळ तोल गेला त्याचे
कपाळावर चार टाके.
एकवीस म्हातारे, मी एकटी,
पहाटेच्या एसटीनं घरी जाऊन पोरांचे डबे.
डुलकी मलाही हवी होती.

ताकसांडे मॅडम दुसऱ्या मंगळवारी येतात.
वही वाचता वाचता चष्मा काढला.
"ही गोळी कोणाच्या झोपेसाठी?"
रागावल्या नाहीत. म्हणूनच लागलं.

एकदम तोडायची नाही, म्हणाल्या.
पोळ्यापर्यंत अर्धी, दसऱ्यापर्यंत पाव,
मग बघू.
स्टीलच्या झाकणावर ब्लेडनं कापायचे मी.
एवढासा चुरा बोटाला लागायचा,
एवढाशानं एवढा माणूस पडत होता.

भागरताबाईंची पूर्ण चालू आहे.
मीच विचारलं होतं, यांचीही कमी करू?
नाही. ती चुकली की
गादीच्या कापसातून साप निघतात,
रात्रभर त्या पाय पोटाशी घेऊन कापतात.
गोळी घेऊन उन्हात बसतात,
तुरीच्या शेंगा सोलतात,
आणि मला चवीचवीनं शिव्या देतात.

परवा पैकूजींनी डबा फेकून मारला.
मनगट सुजलं.
कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला,
बराच वेळ ती मुठीत होती.

मग दार उघडलं.
व्हरांड्यात थंडी, लांब कुठे कुत्रं.
जुन्या उशीचा कापूस पुढ्यात ठेवला,
ते सरकी वेचत बसले,
सरकी नव्हतीच त्यात, तरी.
"हजेरी लावली काय माही?"
"लावतो," म्हटलं.

वहीत लिहिलं:
पैकूजी नेहारे, दोन वाजता हजर.
चारला झोपले.
मी नाही.