उरलेले दहा टक्के

बिलावर छापलंय:
शाळा-वाचनालय सवलत, नव्वद टक्के.
उरलेले दहा मी उशिराच्या दंडातून भरते.
साखरीनाट्यात पुस्तकं उशिराच परततात,
एखादं तर पानात बांगड्याचा खवला घेऊन.

अर्जात विचारतात, लाभार्थी किती?
मी लिहिते: सभासद एक्केचाळीस.

पण कुलूप लागल्यावर पायरीवर बसतात
ते कुठल्या रकान्यात घालू?
उद्याचा वारा बघणारा इस्माईल तांडेल,
शिष्यवृत्तीचा फॉर्म
तिसऱ्यांदा भरणारी पारकरांची वृषाली,
आणि झैबूनचाची,
अक्षर ओळख नाही,
फोन उंच धरून कुवेतच्या लेकाला दाखवते
भरती कुठवर आली ते.

शेऱ्यात लिहिते, निरंक.
राउटर बंद करायला मात्र
विसरते.
रोज.